शेऱ्याचा रकाना : गच्चीवरील पर्जन्यमापनाच्या नोंदी

२५ मे, शनिवार

मुलुंड पूर्वेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारी समितीने कालच्या बैठकीत असे ठरवले, की पावसाचे पाणी साठवण्याच्या योजनेवर पैसा घालण्याआधी गच्चीवर प्रत्यक्षात किती पाऊस पडतो ते एक संपूर्ण पावसाळाभर मोजावे. उन्हाळ्यात आलेल्या टँकरची बिले समोर असल्याने ठरावाला कोणी विरोध केला नाही. हिशेब खात्यात नोकरी करतो एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्याकडे आले.

नोंदवहीत चार रकाने आखले आहेत : दिनांक, मिलिलिटर, मिलिमीटर, शेरा. उपकरणात बिघाड झाला, पाणी सांडले किंवा मोजायला उशीर झाला, तर तेवढे शेऱ्यात लिहावे असे सेक्रेटरींनी बजावले आहे.

उपकरण घरगुती आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर. त्यामुळे १ मिमी पाऊस पडला तर खालच्या बरणीत २०.१ मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. बरणी ३ लिटरची आहे, म्हणजे एका दिवसात १४९ मिमीपर्यंतचा पाऊस तीत मावेल. एवढे पुरेसे आहे, असे माझे मत मी बैठकीत ठामपणे मांडले. ही बरणी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दिली असून मागच्या वर्षीपर्यंत तीत कैरीचे लोणचे होते. तीन वेळा साबणाने आणि एकदा सोड्याने धुऊनही मोहरीचा वास तसाच आहे.

१ जून, शनिवार

आज मांडणी केली. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे पर्जन्यमापक आजूबाजूच्या अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा लागतो. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, डिश अँटेना आणि पापड वाळवण्याच्या दोऱ्या यांतून वाट काढत अशी एकच जागा सापडली. ती नेमकी मुलांची क्रिकेटची खेळपट्टी निघाली. वाटाघाटींअंती बरणीला लागलेला चेंडू ‘डेड’ धरायचा असे ठरले.

वाचन रोज सकाळी ८.३० वाजता घ्यायचे आहे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच सुरू होतो आणि तेव्हाच संपतो.

३ जून, सोमवार

आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना बरणीत ८४ मिलिलिटर पाणी आढळले. हिशेबाने तो ४.२ मिमी पाऊस होतो.

शोध घेता असे दिसले, की वरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडलेला असून पहाटे पाणी चढवल्यावर टाकी भरून वाहते, आणि ओघळाचे तुषार वाऱ्याने नरसाळ्यापर्यंत येतात. सध्या महापालिकेची ५ टक्के पाणीकपात चालू आहे, संस्थेने दोन्ही जिन्यांत ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी लावली आहे, आणि त्या पाटीच्या बरोबर सहा मजले वर रोज पहाटे पाणी गच्चीवरून वाहून जाते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाऊस मोजण्यासाठी मांडलेल्या उपकरणाने पाऊस येण्याआधीच संस्थेचे पाणी वाचवले. प्लंबरने दुपारी बॉलकॉक बदलला. वाचन रद्द केले. कारण शेऱ्यात लिहिले.

१० जून, सोमवार

रात्री पहिला खरा पाऊस झाला. ३५० मिलिलिटर, म्हणजे १७.४ मिमी.

पाणी मोजपात्रात ओतताना त्याच्यावर तेलाचा अगदी पातळ तवंग दिसला. लोणच्याचा खार बरणीच्या आट्यांत कुठेतरी लपून राहिला असावा. उपकरण दूषित झाले असे समजून मी बरणी बदलणार होतो. परंतु ज्या पर्जन्यमापकांत पाणी बरेच दिवस साठवून ठेवायचे असते त्यांत तेलाचा पातळ थर मुद्दाम सोडतात, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी घटत नाही, असे वाचनात आले. आजींना हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. “लोणच्यावरसुद्धा तेल त्याचसाठी असतं,” एवढेच म्हणून त्यांनी नोंदवही मागून घेतली आणि मृग नक्षत्र लिहायला रकाना का नाही असे विचारले. रकाना वाढवता येत नसल्याने ‘मृग’ हा शब्द शेऱ्यात लिहिला.

१४ जून, शुक्रवार

४६ मिलिलिटर, २.३ मिमी.

काल संध्याकाळी स्टेशनपासून घरापर्यंत येताना जो पाऊस लागला त्यात छत्री उलटली, बूट भरले आणि कागदी पिशवीतली चार अंडी रस्त्यावर गेली. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरला जातो. त्यामुळे कालचा दिवस शास्त्राच्या दृष्टीने कोरडा होता. बूट अद्याप पंख्याखाली आहेत.

२४ जून, सोमवार

५८.७ मिमी. नक्षत्र आर्द्रा.

वाचन घेऊन निघालो तेव्हा मुलुंडला पाऊस कोसळत होता आणि गाडी विक्रोळी ते कुर्ला रखडत गेली. फोर्टमधल्या ऑफिसात पाऊण तास उशिरा पोहोचलो, तर तेथे लख्ख ऊन. चिखलाने माखलेली पँट आणि ठिबकणारी छत्री घेऊन उन्हात उभा राहिलेला माणूस कितीही खरे बोलला तरी लबाड दिसतो, याचा अनुभव उपनगरातून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्या प्रत्येकाला असेल. आमच्या साहेबांना मी प्रत्येक वेळी २६ जुलै २००५ चा दाखला देतो : त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. साहेब कुलाब्याला राहतात. या दाखल्याचा त्यांच्यावर आजवर परिणाम झालेला नाही. परंतु आता माझ्याकडे वही आहे. तिच्या पानाचा फोटो दाखवला. त्यांनी मिमीचा आकडा सोडून शेरा वाचला आणि अंड्यांविषयी चौकशी केली.

२ जुलै, मंगळवार

साडेआठचे वाचन आणि माझी लोकल यांचा मेळ बसत नाही. आठवड्याचे कामाचे दिवस आजपासून वॉचमनकाकांकडे सोपवले आहेत. त्यांचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात आहे. मोजपात्रातील पाण्याचा काठ मधोमध किंचित खाली वाकलेला असतो आणि आकडा त्या वाकलेल्या तळाशी डोळा नेऊन वाचायचा असतो, हे एकदाच सांगावे लागले. ते चश्मा काढून गच्चीवर उकिडवे बसतात, पात्र टाकीच्या कट्ट्यावर ठेवतात आणि पाणी हलायचे थांबेपर्यंत श्वास रोखून धरतात. मी पूर्ण मिलिलिटर लिहीत असे. ते अर्धा लिहितात.

त्यांच्याकडून एक नवे माप कळले. गावाकडे पाऊस भांड्यात मोजत नाहीत. जमीन उकरून ओल किती खोल गेली ते पाहतात. “बोटभर ओल, टीचभर ओल, वीतभर ओल,” असा हिशेब असतो. वीतभर ओल गेली की पेरायला हरकत नाही. फरशीच्या गच्चीवर ओल मोजण्याची सोय नसल्याबद्दल त्यांना थोडे वाईट वाटले.

मोजून झालेले पाणी ओतून द्यावे असा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. काका ते ओतत नाहीत. खाली नेऊन गेटजवळच्या कढीपत्त्याला घालतात. त्या वेळी कढीपत्त्यावर पाऊस पडतच असतो.

५ जुलै, शुक्रवार

आणखी एक माप. संस्थेच्या गच्चीचे क्षेत्रफळ ३८० चौरस मीटर आहे आणि एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. पाचवा हिस्सा उडून, मुरून वा पहिल्या पावसाने गच्ची धुण्यात वाया जातो असे धरले, तर दर मिलिमीटरला ३०४ लिटर हाती लागते. म्हणजे १० हजार लिटरच्या एका टँकरला साधारण ३३ मिमी पाऊस पुरतो. हे गणित मी समितीसाठी कागदावर मांडले होते. ते लिफ्टमध्ये कसे पोहोचले कळत नाही. आता सकाळी भेटणारा प्रत्येक जण ‘आज किती टँकर पडला?’ असे विचारतो. एकाच पावसाची अशा रीतीने चार मापे चालू आहेत : माझे मिलिमीटर, काकांची ओल, आजींचे नक्षत्र आणि उरलेल्या इमारतीचा टँकर. आजपासून पुनर्वसू लागल्याचे, म्हणजेच ‘तरणा’ पाऊस सुरू झाल्याचे आजींनी कळवले आहे.

८ जुलै, सोमवार

बरणी भरून वाहिली. १४९ मिमीपेक्षा अधिक.

९ जुलै, मंगळवार

काल लिहायला वेळ मिळाला नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमच्या प्रकल्पाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पाऊस रविवारी रात्री पडला आणि तेवढाच एक आम्हाला मोजता आला नाही. १४९ मिमीपर्यंतचे आम्ही शपथेवर सांगू शकतो. पुढे किती, ते बरणीच्या काठावरून ओघळून गेले. २०४.४ मिमीच्या पुढे गेलेल्या पावसाला हवामान खाते वेगळ्या, सर्वांत वरच्या वर्गात घालते. आमचा पाऊस त्या वर्गात गेला की अलीकडेच राहिला, हेही ठरवता येत नाही. ‘एवढे पुरेसे आहे’ हे माझे वाक्य मे महिन्याच्या इतिवृत्तात आहे आणि सेक्रेटरींनी ते मला वाचून दाखवले.

पहाटे तळघरातील पंपघरात पाणी शिरले आणि मोटार बुडाली. त्यामुळे गच्चीवर धो धो पाणी, जिन्यातून पाणी, गेटबाहेर गुडघाभर पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी स्थिती सकाळी सहा वाजता झाली. टँकरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, की रस्त्यात पाणी असल्यामुळे पाणी आणता येत नाही. हे वाक्य त्याने अत्यंत गंभीरपणे उच्चारले आणि मीही ते तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतले. फोन ठेवल्यावर मात्र आम्ही पाच-सहा जण जिन्यातच हसत बसलो.

पुढचे सगळे कोणत्याही ठरावाशिवाय घडले. बी विंगमधला सातवीतला मुलगा गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाखाली बादली लावून आला. दहा मिनिटांत पाइपाखाली रांग होती : रेनकोट घातलेले, टॉवेल डोक्यावर घेतलेले, आणि एक जण ऑफिसच्या शर्टावर लुंगी गुंडाळलेले. सार्वजनिक नळाची सवय सुटून या इमारतीला तीसेक वर्षे झाली असतील, पण रांगेचे शिस्तशास्त्र कोणी विसरलेले नव्हते. बादली ठेवून चहाला गेलेल्यांचा नंबर राखला गेला. ज्यांनी योजनेच्या खर्चावर सर्वांत अधिक आक्षेप घेतले होते ते गृहस्थ दोन पिंपे घेऊन आले. सात वर्षे शेजारी राहून ज्यांचे आडनाव मला ठाऊक नव्हते, त्यांचा मग अजून माझ्याकडे आहे.

शाळा बंद, गाड्या बंद, मोबाइलला रेंज नाही. दुपारी आजींनी थालीपिठे लावली आणि ती सर्व मजल्यांवर गेली. पीठ पावसाच्या पाण्यात भिजवले होते. संध्याकाळी मोटार वाळवून सुरू झाली, नळाला पाणी आले आणि सगळे आपापल्या घरी जाऊन दारे लावून बसले.

१४ जुलै, रविवार

समितीची बैठक. वहीवर चर्चा झाली. शेऱ्याच्या रकान्यात तांत्रिक बाबींखेरीज अन्य मजकूर येऊ नये, उद्या ही वही एखाद्या अभियंत्याला दाखवायची झाल्यास अंडी, कढीपत्ता आणि थालीपीठ यांचा खुलासा कोण करणार, असे सेक्रेटरींचे म्हणणे पडले. ते रास्तच आहे. मी हिशेबातला माणूस आहे. ताळेबंदात कोणी थालीपीठ लिहिले तर मीही ते खोडीन.

परंतु वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली ती बैठकीत सांगितली. पाऊस जितका कमी, तितका शेरा मोठा झाला आहे. २.३ मिमीला अर्धे पान आणि १४९ मिमीच्या दिवशी तीन शब्द. आकडा जेथे सांगण्यासारखा नसतो तेथे माणूस बाकीचे सांगू लागतो, हे काही मी ठरवून केले नव्हते. त्यातून अर्थ काढायचा असल्यास ज्याने त्याने काढावा. अखेर असे ठरले, की तांत्रिक शेरा निळ्या शाईने आणि इतर शेरा पेन्सिलीने लिहावा, म्हणजे गरज पडल्यास खोडता येईल. ५ लिटरचा कॅन खरेदी करण्यासही मंजुरी मिळाली. त्याची क्षमता २४८ मिमी आहे.

२० जुलै, शनिवार

९१.५ मिमी. पुष्य, म्हणजे ‘म्हातारा’ पाऊस लागला.

सकाळी तुळशी तलाव भरून वाहू लागल्याची बातमी आली आणि इमारतीत पेढे वाटल्यासारखा उत्साह पसरला. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत तुळशी सर्वांत लहान : सातांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आणि तुळशीची ८ हजार ४६ दशलक्ष लिटर. काठोकाठ भरलेला तुळशी शहराची तहान दोन दिवसांच्या आसपासच भागवू शकतो. शिवाय तो आमच्याच डोंगरात, राष्ट्रीय उद्यानात असल्याने तो भरला म्हणजे वैतरणा किंवा भातसा भरेल असेही नाही. हे सगळे मी वॉचमनकाकांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, घरातलं धाकटं पोर पास झालं तरी साखर वाटतातच की.”

पेन्सिलीने लिहिले.

२९ जुलै, सोमवार

महापालिकेने पाणीकपात मागे घेतली. जिन्यातली ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी काढायला शिडी लागते आणि शिडी पंपघरातल्या पाण्यात कुजली. पाटी तूर्त आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

शून्य. सलग पाचवा कोरडा दिवस.

झेंडावंदनानंतर मुले गच्चीवर आली. नरसाळ्याच्या काठावर बसून एक बुलबुल तळाशी राहिलेले दोन-चार थेंब पिण्याचा प्रयत्न करत होता. त्याचे डोके आत आणि शेपूट बाहेर, शेपटीखालचा लाल ठिपका तेवढा दिसत होता. त्याने प्यायलेले पाणी हिशेबात कसे धरायचे असा प्रश्न सातवीतल्या मुलाने विचारला. ०.१ मिमीपेक्षा कमी असल्यास ते लेशमात्र धरावे, असे उत्तर दिले. त्याने शून्याच्या आत बुलबुल काढला. निळ्या शाईने काढला, त्यामुळे तो आता तांत्रिक नोंदीत मोडतो.

७ सप्टेंबर, शनिवार

६.० मिमी. गणेश चतुर्थी. वाचन नऊ वाजून दहा मिनिटांनी घेतले, कारण साडेआठला मोजपात्रात पंचामृत होते. पात्र नीट धुतले आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

१३२ मिमी. पाऊस परतीच्या वाटेवर आहे असे समजून काल बहुतेकांनी छत्र्या घरी ठेवल्या होत्या.

५ लिटरचा कॅन आणल्यापासून त्याच्या निम्म्याच्या पुढे पाणी आज प्रथमच गेले. जुन्या बरणीतही ते मावले असते. हत्तीचा पाऊस जवळ आला की असेच व्हायचे, असे आजींचे मत. हस्त उद्या लागतो, हे दाखवून दिल्यावर “हत्तीची सोंड आधी येते,” असे त्या म्हणाल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

हंगामाची बेरीज २,२८६ मिमी. ८ जुलैचे १४९ धरले आहेत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा आहे. जून ते सप्टेंबर या काळात सांताक्रूझची सरासरी २,३०० मिमीच्या आसपास आणि कुलाब्याची २,१०० च्या आसपास असते. त्या मानाने लोणच्याच्या बरणीने बरे काम केले.

समितीपुढचा हिशेब : २,२८६ मिमी म्हणजे आमच्या गच्चीवर हाती लागू शकणारे सुमारे ६ लाख ९५ हजार लिटर पाणी, अर्थात ६९ टँकर. हे वाचून आनंद झाला. तो साधारण दीड मिनिट टिकला. संस्थेला टँकर लागतात एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस पडतो जून ते सप्टेंबरमध्ये. जमिनीखालची आमची टाकी ३० हजार लिटरची, ती ९९ मिमी पावसातच भरते. उरलेले पाणी आठ महिने ठेवायला जागा नाही. म्हणून साठवणाऐवजी गच्चीचे पाणी गाळून आवारातल्या विंधनविहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवावे, आणि पंपघराचा उंबरा दोन फूट वर घ्यावा, अशा दोन शिफारशी केल्या आहेत. मुरवलेले किती हाती लागेल ते वॉचमनकाकांच्या मापाने मोजावे लागेल. शिफारशी मंजूर झाल्या.

पेन्सिलीचे शेरे खोडायचे का, असे मी विचारले. सेक्रेटरी म्हणाले, की खोडरबर मिळाला की पाहू.

उपकरण उतरवले. बरणी आजींना परत केली. त्यांनी झाकण काढून हुंगले आणि समाधानाने मान हलवली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काल रात्री विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस झाला. उपकरण गच्चीवर नसल्याने अधिकृत वाचन नाही.

सकाळी कामावर निघताना वॉचमनकाकांनी थांबवले. त्यांनी रात्री दोन वाजता गेटपाशी उघड्यावर रिकामे घमेले ठेवले होते आणि पहाटे मुलाची कंपासपेटीतली पट्टी त्यात उभी धरून मोजले होते : एकोणीस मिलिमीटर आणि वर थोडे. घमेल्याच्या कडा तिरप्या असल्याने आणि पाऊस घमेल्याआधीच सुरू झाल्याने हा आकडा ग्राह्य धरता येत नाही. तो शेऱ्याच्या रकान्यात लिहिला आहे. “वर थोडे” हेही लिहिले आहे. घमेल्यातले पाणी कढीपत्त्याला घातले.